व्याघ्र प्रकल्पाचे नाणे: ‘प्रूफ’ आणि ‘यूएनसी’ यांतला घोळ

व्याघ्र प्रकल्पाची पन्नाशी साजरी करताना ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पन्नास रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले. १९७३ साली ज्या नऊ व्याघ्र राखीव क्षेत्रांपासून या प्रकल्पाची सुरुवात झाली त्यांत आपले मेळघाटही होते, त्यामुळे मराठी संग्राहकाला या नाण्याची ओढ वाटावी हे स्वाभाविकच आहे. (भारतीय नाण्यावर वाघ येण्याची ही पहिली वेळ मात्र नव्हे, १९४६-४७ च्या निकेलच्या रुपयावर, अधेलीवर आणि पावलीवर तो होताच.) अशा नाण्यांची खरेदी निघाली की एक प्रश्न हटकून विचारला जातो: यूएनसी (अनसर्क्युलेटेड) घ्यावे, की त्याहून चांगल्या अवस्थेतले प्रूफ (संग्राहकांसाठी खास रीतीने पाडलेले नाणे) घ्यावे? या प्रश्नाची मांडणीच चुकलेली आहे, कारण प्रूफ ही नाण्याची अवस्था नव्हेच.

यूएनसी म्हणजे काय, हे बँकेतून कोरे नाणे हाती आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. टांकसाळीतून निघाल्यावर व्यवहारात न फिरलेले, नेहमीच्या पद्धतीने पाडलेले ते नाणे. एकाच प्रसंगासाठी, एकाच मूल्याची दोन्ही प्रकारची नाणी निघतात तेव्हा धातू, वजन आणि व्यास यांत सहसा फरक नसतो. वेष्टन आणि विक्रीची किंमत वेगळी असते, एवढेच. कायद्याच्या दृष्टीनेही दोन्ही सारखीच.

खरा फरक नाणे पाडण्याच्या रीतीत आहे. प्रूफसाठी कोरी चकती आधी घासूनपुसून चकचकीत केली जाते, ठशाचा सपाट भाग आरशासारखा घोटला जातो, आणि मग संथ गतीने, जास्त दाबाने, बहुधा एकाहून अधिक वेळा ठसा मारला जातो. नाणे यंत्रातून पेटीत आदळत नाही, ते जपून उचलले जाते. म्हणून अक्षरांच्या कडा धारदार येतात आणि मोकळ्या भागात समोरच्याचा चेहरा दिसतो. उठावाचा भाग दुधी, धुरकट ठेवण्याची रीत आजकाल रूढ आहे, पण तिच्यावरून प्रूफ ठरत नाही. कित्येक जुनी प्रूफ नाणी उठावासकट सगळीच लखलखीत असतात. यूएनसी नाणी मात्र वेगवान यंत्रावर पडतात आणि एकमेकांवर आपटतात, त्यामुळे कोणाच्याही खिशात न गेलेल्या नाण्यावरही बारीक ओरखडे आढळतात. ते पाहून ‘वापरलेले नाणे पाठवले’ अशी तक्रार करणे अन्यायाचे आहे.

यातून निघणारा निष्कर्ष बहुतेकांना पचत नाही. प्रूफ नाणे चुकून खर्च झाले, चार हातांतून फिरले, त्यावर बोटांचे ठसे उमटले, तरी ते प्रूफच राहते. फक्त खराब झालेले प्रूफ. उलट साधे नाणे कितीही जपले, कितीही घासले, तरी ते प्रूफ होत नाही. प्रतवारी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थाही १ ते ७० ही एकच अंकश्रेणी दोघांना लावतात, पण अंकाआधी प्रूफला ‘पीएफ’ किंवा ‘पीआर’ आणि न वापरलेल्या साध्या नाण्याला ‘एमएस’ (मिंट स्टेट) अशी वेगळी अक्षरे जोडतात. प्रकार अक्षरांनी सांगितला जातो आणि अवस्था अंकाने, त्यामुळे पीएफ ६० हे एमएस ६८ पेक्षा ‘वरचे’ म्हणणाऱ्याने दोन्हींची गल्लत केलेली असते.

जाहिरातीतला ‘प्रूफ कंडिशन’ हा शब्दप्रयोग वाचला की माझे डोके उठते. बहुधा ते पॉलिश केलेले साधे नाणे असते आणि ते ओळखणे अवघड नाही. एकाच दिव्याखाली नाणे तिरके धरावे. पॉलिश केलेल्या नाण्यावर चकाकी उठावाच्या टोकांवरही सारखीच पसरते, टोके गोलसर झालेली असतात आणि घासल्याच्या केसासारख्या रेषा एकाच दिशेने धावताना दिसतात. अस्सल प्रूफमध्ये कडा धारदार आणि आरसा स्वच्छ असतो. मुंबई टांकसाळीच्या नाण्यांत आणखी एक खूण उपयोगी पडते: सालाखाली साध्या नाण्यावर पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते, तर प्रूफवर सहसा ‘एम’ हे अक्षर, आणि त्याआधीच्या काळातल्या प्रूफवर ‘बी’.

माझी पसंती विचाराल तर वाघासाठी मी यूएनसीच घेईन. नेहमीच्या ठशाखाली धातू केंद्राकडून कडेकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे नाणे फिरवताना उजेडाचे पट्टे गरगर फिरतात. त्या हलत्या उजेडात प्राण्याच्या अंगाचा उठाव जसा उभा राहतो तसा आरशासमोर राहत नाही. प्रूफमध्ये नजर आधी आरशाकडे जाते आणि मग चित्राकडे. शिवाय प्रूफला एकदा बोट लागले की डाग कायमचा, आणि तो पुसायला गेल्यास आरशावर ओरखडे पडतात. तरीही प्रूफच हवे असेल तर ते टांकसाळीच्या डबीतून काढू नये, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाकिटात तर मुळीच ठेवू नये, कारण त्यातून सुटणाऱ्या द्रव्यामुळे धातूवर हिरवट चिकट थर चढतो.