कार्यलांबी (दंतमूलनलिका)

रूट कॅनाल उपचारात दंतमूलनलिका (दाताच्या मुळातील बारीक पोकळी) साफ करून जेथपर्यंत भरायची तो आतला अंत्यबिंदू आणि दाताच्या शिखरावर (चावण्याच्या बाजूच्या उंचवट्यावर) निवडलेला बाहेरचा स्थिर बिंदू यांमधील अंतरास कार्यलांबी म्हणतात. ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक असावी लागते. फाईल (नलिका साफ करण्याचे सुईसारखे बारीक उपकरण) कमी गेल्यास संसर्गित मज्जा (दाताच्या आतील मऊ ऊती) मुळाच्या टोकाशी उरते. अधिक गेल्यास टोकापलीकडील ऊती दुखावतात आणि भरणद्रव्य बाहेर उतरते. खालच्या दाढांच्या मुळांखालून जबड्याची चेतानलिका (नस ज्यातून जाते ती वाट) जाते, हे येथे विसरून चालत नाही.

अंत्यबिंदू कोणता, हा जुना वाद आहे. दंतिन (दाताचा मुख्य कठीण भाग) व सिमेंटम (मुळावरचे कठीण आवरण) यांची संधिरेषा हीच मर्यादा, असे एक मत आहे. पण ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते आणि एकाच नलिकेच्या दोन भिंतींवर वेगवेगळ्या उंचीवर असू शकते. म्हणून नलिका सर्वांत अरुंद होते ते मूलाग्र (मुळाच्या टोकाजवळचे) आकुंचन प्रमाण मानणे अधिक व्यवहार्य दिसते. कुटलर यांच्या १९५५ मधील अभ्यासात आकुंचनापासून मूलाग्र छिद्रापर्यंतचे (नलिका मुळाबाहेर उघडते तेथपर्यंतचे) सरासरी अंतर तरुणांत सुमारे ०.५ मि.मी. व वयस्कांत सुमारे ०.६५ मि.मी. आढळले. वयानुसार टोकाशी सिमेंटम साचत जाते, हे या फरकाचे कारण. छिद्र पुष्कळदा मुळाच्या नेमक्या टोकावर नसून बाजूला उघडते; त्यामुळे क्ष-किरण छायाचित्रातील टोकापासून ०.५ ते १ मि.मी. अलीकडे थांबण्याचा परिपाठ पडला, तथापि तो अंदाजच होय.

विद्युत मापनाचा आरंभ सामान्यतः कस्टर (१९१८) यांच्याकडे नेला जातो. मात्र आजच्या यंत्रांचा पाया सुझुकी (१९४२) यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत व सुनादा (१९६२) यांच्या कामात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. दाताभोवतालचा परिदंत बंध (मुळाला हाडाशी जोडणारी ऊती) आणि तोंडातील श्लेष्मल त्वचा यांमधील विद्युतरोध सुमारे ६.५ किलोओहम इतका स्थिर राहतो, हे सुनादा यांनी उपयोगात आणले. रक्त वा सोडियम हायपोक्लोराइट (नलिका धुण्याचे द्रावण) नलिकेत असले की ही आरंभीची यंत्रे चुकत. १९९० च्या दशकात कोबायाशी व सुदा यांनी विद्युतप्रवाहाच्या दोन वारंवारतांवरील संबाधांचे (प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचे) गुणोत्तर घेण्याची पद्धत पुढे आणली, आणि ओल्या नलिकेतही भरवशाचे मापन शक्य झाले.

प्रत्यक्षात एपेक्स लोकेटरची (या विद्युत मापनयंत्राची) एक क्लिप ओठाला व दुसरी फाईलला लावतात; खूण मिळताच फाईलवरील रबर स्टॉपर (सरकती चकती) शिखरापर्यंत सरकवून, फाईल बाहेर काढून, पट्टीवर मोजतात. फाईलचा दातावर बसवलेल्या धातूच्या टोपीला स्पर्श झाल्यास खूण खोटी येते, तसेच मुलांच्या उघड्या (अजून पूर्ण न बनलेल्या) मूलाग्रात ती कमी भरवशाची ठरते. यास्तव छायाचित्राची जोड सोडू नये. वक्र नलिका साफसफाईत थोडी सरळ होऊन लांबी घटते, म्हणून पुन्हा मोजणे अगत्याचे आहे.

खानदेशात या उपचाराला ‘नस काढणे’ किंवा नुसते ‘कॅनाल’ म्हणतात. धुळे येथे दंत महाविद्यालय आहे. ‘दाढ दुखस’ म्हणत धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या रुग्णाला प्रत्येक खेप महाग पडते, आणि दुसऱ्या खेपेस डॉक्टरही वेगळे असू शकतात. तेव्हा केसपेपरवर प्रत्येक नलिकेचा आकडा आणि तो कोणत्या शिखरापासून घेतला हे दोन्ही लिहावे. मधल्या काळात ते शिखर तुटले, तर जुना आकडा निरुपयोगी ठरतो.