तान्ह्या बाळांचा ल्युकेमिया आणि औषधांच्या नव्या जोडण्या

लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग बरा होतो, असं डॉक्टर आता विश्वासाने सांगतात आणि ते खरं आहे. नीट उपचार मिळाले तर तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा रक्तकर्करोग) असलेल्या दहापैकी जवळपास नऊ मुलं वाचतात. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मात्र हेच वाक्य इतक्या सहज तोंडून निघत नाही. नाव तेच असलं तरी हा आजार वेगळा आहे.

सुरुवात 1948 ची. बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी 16 मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने तयार केलेलं हे औषध. 10 मुलांमध्ये आजार मागे हटला, पण काही महिन्यांतच उलटला. एकट्या औषधाला पेशी चुकवतात, हे कळलं. म्हणून 1960 च्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर फ्राय, फ्रायराइख आणि मेम्फिसचे डोनाल्ड पिंकेल यांनी व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन अशी औषधं एकत्र वापरली. तेव्हापासून मोठ्या मुलांचं बरं होण्याचं प्रमाण दर दशकात वाढत गेलं, तान्ही बाळं मात्र मागेच राहिली.

का, याचा उलगडा 1990 च्या दशकात होऊ लागला. या बाळांपैकी साधारण तीन चतुर्थांशांमध्ये 11 व्या गुणसूत्रावरचं एक जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडलं गेलेलं असतं. तेव्हा त्याला एमएलएल म्हणत, आता केएमटी2ए म्हणतात. 1993 मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या पेशी तपासल्या, तर दोघांतही हे जनुक नेमकं एकाच जागी तुटलेलं निघालं. म्हणजे बिघाड गर्भात एकाला झाला आणि सामाईक वारेतून दुसऱ्याकडे गेला. पुढे जन्मानंतर टाच टोचून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबांतही तो सापडला. यात आईचं काही चुकलं असं अजिबात नाही, हे प्रत्येक घराला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

औषधं वाढवावीत, तर बाळाचं शरीर आड येतं. यकृत आणि मूत्रपिंड अजून पुरती तयार नसतात. मोठ्या मुलांच्या हिशेबाने व्हिन्क्रिस्टिन दिलं तर नसांना जास्त इजा होते. त्यामुळे काही औषधांचे डोस वयानुसार कापले गेले: सहा महिन्यांच्या आत दोन तृतीयांश, त्यापुढे वर्षापर्यंत तीन चतुर्थांश. चार किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 320 मिलिलिटर, मोठ्या पेल्यात मावेल एवढं. नव्या औषधाच्या चाचणीत रक्ताचे नमुने वारंवार लागतात; इथे मात्र प्रत्येक मिलिलिटर मोजून घ्यावा लागतो.

शिवाय रुग्ण इतके थोडे, की एका देशाला चाचणी पेलत नाही. म्हणून 1999 मध्ये इंटरफँट-99 ही आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली: 22 देश, 482 बाळं, नेहमीच्या औषधांना सायटाराबिनची जोड. चार वर्षांनंतर आजार न उलटता जगणारी बाळं 47 टक्के. इंटरफँट-06 मध्ये 651 बाळं होती. त्यातल्या जास्त धोक्याच्या बाळांना मायलॉइड, म्हणजे रक्तपेशींच्या दुसऱ्या कुळातल्या, ल्युकेमियाची औषधं देऊन पाहिली. फरक पडला नाही, सहा वर्षांनंतर आजार न उलटता जगणारी बाळं एकूण 46 टक्के. अमेरिकेत केमोसोबत (पेशी मारणाऱ्या नेहमीच्या औषधांसोबत) लेस्टॉर्टिनिब हे वेगळं औषध दिलं, त्यानेही काही साधलं नाही. मला हे प्रयत्न वाया गेले असं वाटत नाही. केमो आणखी कडक करून इथून पुढे जाता येणार नाही, हे त्यांनीच पक्कं केलं.

मग औषधाची जातच बदलली. ब्लिनाटुमोमॅब हे औषध एका बाजूने ल्युकेमियाच्या पेशीवरचं सीडी19 हे प्रथिन धरतं, दुसऱ्या बाजूने शरीराच्या स्वतःच्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशीला, आणि दोघींना समोरासमोर आणतं. ते काही तासांतच शरीरातून निघून जातं, म्हणून छोटा पंप 28 दिवस, रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. केएमटी2ए बिघाड असलेल्या 30 बाळांना सुरुवातीच्या केमोनंतर याचा एक कोर्स दिला गेला. 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने निकाल छापून आले: दोन वर्षांनी आजाराविना असलेली बाळं सुमारे 82 टक्के, आधीच्या चाचणीतल्या तशाच बाळांत हा आकडा 49 होता. बाळं तीसच आणि तुलना जुन्या आकड्यांशी, हे खरं. तरीही या आजारात इतकी मोठी झेप पूर्वी दिसली नव्हती.

नवी जोडणी तरीही लागणारच. सीडी19 वर मारा झाला की काही वेळा आजार रूप पालटून मायलॉइड पेशींच्या वेशात परततो. तुटलेल्या जनुकाची प्रथिनं मेनिन नावाच्या प्रथिनाच्या आधाराने काम करतात. तो आधार काढून घेणारी औषधं म्हणूनच महत्त्वाची, कारण पेशीचं रूप कोणतंही असो, मूळ बिघाड तोच राहतो. त्यातल्या रेव्ह्युमेनिबला नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आजार उलटलेल्या किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी. वयाची अट मात्र एक वर्ष पूर्ण आणि त्यापुढे. ज्या वयात हा बिघाड सगळ्यात जास्त आढळतो, नेमकं तेच वय मान्यतेबाहेर राहिलं. त्या बाळांना हे औषध केमोसोबत किती आणि कसं द्यायचं, हे चाचण्यांमधूनच ठरवावं लागणार आहे.