भिंतीवरचं पांढरं: लोणा की बुरशी?

दसरा झाला की आमच्या दर्यापूर भागात घरोघरी बादल्या, कुंचे, खराटे बाहेर निघतात. आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, भिंतीले बुरशी लागली, काय मारू?" जाऊन पाहावं तर बहुतेक वेळा ती बुरशी नसतेच, लोणा असतो. लांबून दोन्ही पांढरट, भुरकट दिसतात. पण एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर भिंत आणखी बिघडते.

लोणा म्हणजे क्षार. त्यात जीव नाही. विटा, वाळू, सिमेंट यांतले क्षार भिंतीत मुरलेल्या पाण्यात विरघळतात, पाणी बाहेरच्या अंगाला येऊन उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. मिठागरात होतं तेच. म्हणून भर पावसात तो फारसा दिसत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळायला लागली की फुलतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या काही भागांत, याचं वेगळं नवल नाही. जमिनीतलं पाणीच खारं. तेच बोअरचं पाणी सिमेंट कालवायला, तेच नव्या प्लास्टरवर मारायला. आयएस 456 या मानकात सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं लिहिलं आहे, पण गावात बांधकामाआधी पाणी तपासून कोण घेतं? लोणा हा शब्दही लवणाचाच. बुलढाण्याचं लोणार आणि त्याचा लवणासुरही त्याच भाऊबंदकीतले.

बुरशी जिवंत. तिला ओल आणि सावली लागते. न्हाणीमागची भिंत, पन्हाळ गळते ती जागा, दाट निंबाच्या सावलीतली उत्तरेची बाजू. सुरुवातीला पांढरट, मग शेवाळाच्या संगतीने हिरवी-काळी.

जागेवरूनही अंदाज येतो. लोणा बहुधा जोत्यापासून दोन-तीन फुटांत असतो, कारण पाणी जमिनीतून वर चढतं. तरी खात्री करायची तर हातभर जागेवर पाणी शिंपडा. लोणा विरघळून दिसेनासा होतो आणि भिंत वाळली की परत उगवतो. बुरशीचा डाग ओला झाला तरी तिथेच राहतो. बोटाने घासलं तर लोणा पिठासारखा झडतो, बुरशी चिकटून फासली जाते.

आता सफाई. लोण्याला पाण्याचा पाइप लावू नका, क्षार परत भिंतीतच मुरतात. कोरड्या दिवशी, कोरड्या ब्रशने झाडायचं. खाली ताडपत्री अंथरून तो चुरा घरापासून लांब टाकायचा. जोत्याशीच पडू दिला तर पुढच्या पावसात तो पुन्हा वर चढतो. पण खरं काम झाडण्यात नाही, पाणी तोडण्यात आहे. आमच्याकडे प्रत्येक नव्या सिमेंट रस्त्यागणिक रस्ता वर चढतो, घराचं जोतं खाली राहतं आणि गल्लीचं पाणी भिंतीला टेकतं. ती नाली आधी काढा.

मी स्वतः एक वर्ष हे न करता चकचकीत ऑइल पेंट मारला. मेणासारखा थर, पाणी आत जाणार नाही असं वाटलं. पाणी आतच होतं. क्षार रंगाच्या मागे साचले, आणि पोळ्यापर्यंत पोपडे प्लास्टरसकट सुटले. अशा भिंतीला श्वास घेऊ देणारा चुनाच बरा.

बुरशीचं काम सोपं आहे. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, 30 ग्रॅम, लिटरभर पाण्यात. निवळी काढून लावा, पंधरा मिनिटं थांबा, घासून धुवा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. वाळल्यावर चुना द्या. ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून हा गुण हळूहळू जातो, म्हणून जुनी माणसं दरवर्षी चुना द्यायची.

हेच टीसीएलचं पाणी लोण्यावर मारलं तर उलटं होतं. त्यातून कॅल्शियम क्लोराइड मागे राहतं आणि ते हवेतली ओल ओढतं. म्हणजे खाऱ्या भिंतीला वरून आणखी क्षार. काही जण लोण्यावर संडास धुवायचं अॅसिड टाकतात. चुन्याचं प्लास्टर त्याने खाल्लं जातं, ते एक. पण त्याच भिंतीला आधी टीसीएल लागलेलं असेल तर अॅसिड पडताच क्लोरीन वायू निघतो. त्याने छाती भरून येते, बंद न्हाणीत जीवही जाऊ शकतो. एकाच भिंतीवर खाली लोणा, वर बुरशी असेल, आणि असं पुष्कळदा असतं, तर आधी खालचा भाग कोरडा झाडून ताडपत्रीने झाका, मग वर टीसीएल लावा. अॅसिडची बाटली त्या दिवशी घरातच राहू द्या.