पोटॅशियम चॅनेल: आधी अंदाज, मग आकार

नर्व्ह सेलमधून सिग्नल गेला की व्होल्टेज परत खाली आणायचं काम मुख्यतः पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमला जाऊ देणाऱ्या प्रोटीनच्या वाटा, करतात. पण १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विडच्या जाड अ‍ॅक्सॉनवर (नर्व्ह सेलच्या लांब तंतूवर) करंट मोजून सगळं गणित मांडलं तेव्हा चॅनेल कसा असतो हे कुणी पाहिलंच नव्हतं, तरी पोटॅशियमच्या समीकरणात एक राशी थेट चौथ्या घाताला आली, म्हणजे चार गोष्टी एकदम जुळल्या तरच वाट उघडते असं काहीतरी. पुढे १९९१ मध्ये मॅकिनन यांनी दाखवलं की चॅनेल खरंच चार सबयुनिट्सचा, म्हणजे चार प्रोटीनच्या तुकड्यांचा, असतो. करंटच्या आलेखावरून इतकं हाती लागावं हे मला अजूनही भारी वाटतं!

खरं कोडं वेगळंच होतं. सोडियमचा आयन (चार्ज असलेला अणू) पोटॅशियमपेक्षा लहान, साधं भोक असतं तर तोच आधी घुसला असता, पण इथे मोठा जातो आणि लहान अडतो, आणि तेही सेकंदाला कोट्यवधी आयन जात असताना. १९७२ मध्ये बेझानिला आणि आर्मस्ट्राँग यांनी सुचवलं की आयनभोवतीच्या पाण्याची जागा भिंतीतले ऑक्सिजन घेतात, आणि ते पोटॅशियमच्या मापाचेच बसवलेले असतात, सोडियमला ते नीट पकडू शकत नाहीत, मग त्याला पाणी सोडणं परवडतच नाही.

पुरावा यायला बराच वेळ लागला. ईथर दिलं की पाय थरथरवणाऱ्या शेकर नावाच्या फळमाशीतून १९८७ च्या सुमारास पोटॅशियम चॅनेलचा पहिला जीन मिळाला. मग १९९० मध्ये ऑल्ड्रिच यांच्या लॅबने त्या प्रोटीनचं सुरुवातीचं टोक कापलं, तर चॅनेल पटकन बंद होणंच थांबलं, आणि तोच तुकडा वेगळा बनवून आतल्या बाजूने सोडला तर परत बंद व्हायला लागला. कुठला भाग काय करतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग फार कमी असतील.

१९९८ मध्ये मॅकिनन यांच्या टीमने एका बॅक्टेरियाच्या चॅनेलची एक्स-रे रचना काढली, तर सुमारे १२ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार-कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) लांबीचा अरुंद फिल्टर आणि त्यात ओळीने ऑक्सिजन, जवळपास १९७२ च्या कल्पनेसारखंच. २००३ मध्ये मॅकिनन यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी व्होल्टेज ओळखणाऱ्या चॅनेलची रचनाही आली आणि तिच्यावर जोरदार वाद झाला, कारण व्होल्टेज बदलल्यावर त्यातला व्होल्टेज ओळखणारा, चार्ज असलेला भाग नेमका किती आणि कसा सरकतो यावर लोकांचं एकमत होईना. २००५ ला उंदराच्या मेंदूतल्या चॅनेलची रचना मिळाली तेव्हा तो भाग मधल्या छिद्राला कसा जोडलेला असतो ते तरी स्पष्ट दिसलं.