टाके निघाले, पण पोट तयार आहे का?

टमी टक (पोटाची सैल कातडी काढून पोट आवळण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या बायकांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, ‘आता जन्मभर पोटाचा व्यायाम नको, आतले टाके तुटतील.’ जिममध्ये सांगतात, ‘टाके निघाले ना? मग क्रंचेस (उताणं पडून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) सुरू करा.’ पहिला निव्वळ गैरसमज. दुसरा मला जास्त धोक्याचा वाटतो.

या शस्त्रक्रियेत फक्त जादा कातडी काढत नाहीत. गरोदरपणात पोटावरचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून फाकतात. त्यांच्यामधला सैल पडलेला पडदा सर्जन बहुतेकदा आतून शिवून आवळतात. वरचे टाके एक-दोन आठवड्यांत निघतात, आतली शिवण मात्र हळूहळू पक्की होते. साध्या कातडीचा व्रणसुद्धा ३ महिन्यांनी मूळ ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचतो. पुढे भार पेलते ती ही भरून आलेली जागा, नुसता दोरा नव्हे. म्हणून जन्मभराची बंदी निरर्थक.

चालणं पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच, थोडं वाकून का होईना. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. साधारण ६ आठवडे जड उचलायचं नाही (भरलेली कळशी, आणि हो, कडेवरचं मूलही). मग सर्जनने तपासून होकार दिला की श्वास सोडत पोट हलकेच आत ओढणं, आडवं पडून एकेक टाच सरकवणं. प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं), क्रंचेस बऱ्याचदा तिसऱ्या महिन्याच्या आसपास. व्यायाम करताना मध्यरेषेवर उंचवटा आला, तर त्या व्यायामाची वेळ अजून आलेली नाही. पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली, तर मात्र गुठळीची शंका घेऊन थेट दवाखाना.