तंबू डोंगरापासून इतक्या लांब का? सीक्वेस्ट पार्क आणि माउंट सेंट हेलेन्सची पार्श्वभूमी

सिएटल आणि पोर्टलंडकडच्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या तोंडावर ज्या सहलींचे बेत ठरतात, त्यांत वॉशिंग्टन राज्यातला माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी हमखास असतो. मुक्कामासाठी बहुतेकदा सीक्वेस्ट स्टेट पार्कचं नाव निघतं. आंतरराज्य महामार्ग 5 वर कॅसल रॉकला बाहेर पडायचं, 504 क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेला आठ-नऊ किलोमीटर गेलं की डाव्या हाताला उंच झाडी लागते. डग्लस फर, हेमलॉक, देवदाराच्या जातीची झाडं, खोडांवर शेवाळ, खाली नेच्यांचं रान. सुमारे 200 हेक्टरचं हे जंगल आहे. त्यात तंबूच्या जागा, प्रत्येक जागेला लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं, शिवाय ज्यांना तंबू नको त्यांच्यासाठी काही युर्त, म्हणजे कापडी भिंतींच्या गोल झोपड्या. रस्त्यापलीकडे सिल्व्हर लेक नावाचा उथळ तलाव आणि ज्वालामुखीची माहिती देणारं केंद्र.

पहिल्यांदा येणारा माणूस मात्र एक प्रश्न विचारतोच: ज्वालामुखी कुठे आहे? तो इथून पूर्वेला जवळजवळ 50 किलोमीटरवर आहे. झाडीतून तो दिसत नाही. हवा स्वच्छ असेल तर तलावाकाठच्या पाणथळीतल्या लाकडी वाटेवरून क्षितिजावर त्याचं सपाट झालेलं डोकं दिसतं. मुक्काम इतका लांब का, याचं उत्तर 1980 च्या वसंतात आहे, आणि त्याच्याही आधी, अडीच हजार वर्षांमागच्या चिखलात.

1980 च्या आधी लोक डोंगराच्या पायथ्याशीच उतरत. उत्तर पायथ्याला स्पिरिट लेक होता. पोर्टलंडच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेने तिथे 1909 मध्ये मुलांची शिबिरं सुरू केली. पुढे स्काउट मुलामुलींची शिबिरं आली, लॉज आले, वनखात्याचा तंबूतळ आला. डोंगराचा आकार इतका रेखीव होता की त्याला अमेरिकेचा फुजी म्हणत. पिढ्यान् पिढ्या मुलं त्या थंड पाण्यात पोहायला शिकली. 1850 च्या दशकानंतर डोंगराने मोठा उद्रेक केला नव्हता, त्यामुळे तो ज्वालामुखी आहे हे माहीत असूनही कुणाच्या रोजच्या हिशेबात नव्हतं.

इथले मूळ रहिवासी काउलिट्झ लोक या डोंगराला फार पूर्वीपासून धुराचा डोंगर म्हणून ओळखत आले होते. भूशास्त्रज्ञही गप्प नव्हते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतले ड्वाइट क्रँडल आणि डोनल मलिनॉ यांनी राखेचे आणि चिखलाचे जुने थर मोजत 1978 मध्ये अहवाल दिला: कॅस्केड या पश्चिम किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेतला हा सर्वांत सक्रिय ज्वालामुखी आहे आणि कदाचित हे शतक संपण्याआधीच तो पुन्हा जागा होईल. दोनच वर्षांत ते खरं ठरलं.

20 मार्च 1980 ला 4.2 तीव्रतेचा भूकंप झाला. 27 मार्चला माथ्यावरून वाफ आणि राख उडाली. त्यानंतर डोंगराचा उत्तरेकडचा उतार बाहेर फुगू लागला, दिवसाला दीड ते दोन मीटर. आत लाव्हारस वर चढत होता. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून बनला तो पातळ बेसाल्टचा, थरावर थर पसरत गेलेला. सेंट हेलेन्सचा डेसाइट लाव्हा याच्या उलट: घट्ट, चिकट, आतला वायू सहजी न सोडणारा. म्हणून तो वाहत नाही, कोंडतो.

एप्रिलच्या अखेरीस गव्हर्नर डिक्सी ली रे यांनी डोंगराभोवती लाल आणि निळा असे दोन प्रतिबंधित पट्टे जाहीर केले. या पट्ट्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पश्चिमेकडची हद्द धोक्याच्या नकाशावरून आखलेली नव्हती. ती बरीचशी सरकारी वन आणि वेअरहाउजर या लाकूड कंपनीची जमीन यांच्यातल्या मालकीच्या रेषेवरून गेली होती. त्यामुळे त्या बाजूला डोंगरापासून काही किलोमीटरवरही माणूस कायदेशीरपणे उभा राहू शकत होता. हद्द वाढवण्याचा प्रस्ताव तयार झाला, गव्हर्नरांच्या टेबलावर पोचला, आणि तो शनिवार-रविवार सहीवाचून तिथेच राहिला.

रविवार, 18 मे 1980. सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी 5.1 तीव्रतेचा धक्का बसला आणि फुगलेला उत्तर उतार एका झटक्यात घसरला. नोंद असलेल्या इतिहासातली ही सर्वांत मोठी दरड. वरचं ओझं हटताच आतला कोंडलेला वायू बाजूने, उत्तरेकडे फुटला. जवळजवळ 600 चौरस किलोमीटरमधलं जंगल काही मिनिटांत आडवं झालं. राखेचा स्तंभ पाव तासात 24 किलोमीटर उंच गेला. पूर्वेला याकिमा शहरात दिवसाढवळ्या अंधार झाला. 2,950 मीटर उंचीचा डोंगर 2,549 मीटरचा उरला.

57 माणसं गेली. डोंगरापासून साधारण दहा किलोमीटरवरच्या कड्यावर पहाऱ्याला बसलेले तीस वर्षांचे भूशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन रेडिओवर स्फोटाची खबर देऊन गेले. लोकांना डोंगरापासून दूर ठेवा, असं आग्रहाने सांगणाऱ्यांत ते होते. स्पिरिट लेकवरच्या लॉजचे 83 वर्षांचे मालक हॅरी ट्रुमन यांनी घर सोडायला नकार दिला होता; तेही गेले. वर्तमानपत्रांनी ट्रुमनना इतकं गाजवलं की बाकीचेही असेच हट्टी असणार, इशारे धुडकावून आत शिरलेले असणार, असा समज पसरला. मोठ्या पदावरच्या लोकांनीही तसं बोलून दाखवलं. हे खरं नव्हतं. मृतांपैकी बहुतेक जण लाल पट्ट्याच्या बाहेर होते, जिथे असायला त्यांना पूर्ण मुभा होती. त्यांत तंबू ठोकून राहिलेली कुटुंबं होती, मासे धरायला आलेले होते, लाकूडतोडे होते. या माणसांवर मेल्यानंतर ठपका आला, तो त्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षं सोसावा लागला. स्फोट कामाच्या दिवशी झाला असता तर कंपनीच्या जंगलात शेकडो मजूर असते.

तंबूतल्या लोकांच्या दोन हकीकती इथे सांगायलाच हव्यात, कारण आजच्या कॅम्पिंगच्या नियमांमागे त्या उभ्या आहेत. डोंगराच्या उत्तरेला ग्रीन नदीकाठी, 20 किलोमीटरच्या आसपास, काही तरुण मित्र तंबू लावून होते. स्फोट आला तेव्हा मोठाले वृक्ष कोसळले. दोघे जण उन्मळलेल्या मुळांच्या खड्ड्यात पडले, वरून राख आणि फांद्या, आणि तेवढ्यामुळे वाचले. शेजारच्या तंबूतले दोघे वाचले नाहीत. दुसरी हकीकत डोंगराकडून वाहत येणाऱ्या टूटल नदीच्या काठची. स्फोटाच्या टापूच्या पार बाहेर, कित्येक किलोमीटर खाली, एक जोडपं मासेमारीसाठी मुक्कामाला होतं. वितळलेलं बर्फ, राख आणि दगडमातीचा लोंढा ओंडके घेऊन आला आणि त्यांना गाडीसकट उचलून घेऊन गेला. ओंडक्यांच्या रेट्यात ते कसेबसे तरंगत राहिले. स्फोटापासून लांब असणं आणि नदीपासून लांब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळलं. त्या लोंढ्यांनी दोनशेच्या आसपास घरं नेली, पूल नेले, आणि कोलंबिया नदीत इतका गाळ आणून टाकला की जहाजांच्या मार्गाची खोली 40 फुटांवरून 14 फुटांवर आली.

स्पिरिट लेकचा जुना तंबूतळ आता दिसत नाही. दरडीने तलावाची पातळी सुमारे 60 मीटर वर नेली आणि शिबिरं, लॉज, रस्ता सगळं खाली गाडलं गेलं. तलावावर तेव्हाचे ओंडके अजून तरंगतात. 1982 मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने 1,10,000 एकरांचं राष्ट्रीय ज्वालामुखी स्मारक झालं, आणि उद्ध्वस्त टापूच्या मोठ्या भागात निसर्गाला स्वतःच्या गतीने सावरू द्यायचं, असं ठरलं. तिथे झाडं लावली नाहीत, मेलेली झाडं उचलली नाहीत. राखेत पहिल्यांदा रानटी ल्युपिनची जांभळी फुलं आली. त्या झुडपाच्या मुळांत हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे जिवाणू असतात. बिळांत राहणारे गोफर वाचले होते, त्यांनी खालची जुनी माती उकरून वर आणली. हे सगळं पाहायचं तर पावलं वाटेवरच ठेवावी लागतात, आणि हवं तिथे तंबू ठोकायला मुभा नाही. माझ्या मते हा त्या काळात घेतला गेलेला सर्वांत चांगला निर्णय आहे.

मग पाहुण्यांनी उतरायचं कुठे? पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी उत्तर आधीपासून तयार होतं. वॉशिंग्टनने राज्य उद्यानांसाठी मंडळ 1913 मध्येच नेमलं होतं, आणि सीक्वेस्टची जमीन 1940 च्या दशकात आल्फ्रेड सीक्वेस्ट यांच्याकडून राज्याकडे आलेली. 1980 पर्यंत हा स्थानिकांचा साधा वनभोजनाचा पार्क होता. 1980 च्या दशकात रस्त्यापलीकडे, सिल्व्हर लेकच्या काठावर, वनखात्याने ज्वालामुखीचं माहिती केंद्र उभारलं आणि पार्कचं नशीब पालटलं. पुढे हे केंद्र राज्य उद्यान खात्याकडे आलं.

पण सिल्व्हर लेक मुळात तयार कसा झाला, हे पाहिलं की गंमत नाही, धाक वाटतो. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, स्पिरिट लेकच्या जागी असलेला जुना तलाव बांध फुटून वाहिला. त्याने उचललेला चिखल 1980 च्या लोंढ्यांहून कितीतरी मोठा होता. तो टूटलच्या खोऱ्यातून इतका खाली आला की त्याने आउटलेट क्रीकचं तोंड बुजवलं आणि मागे पाणी साठून हा तलाव झाला. म्हणजे जिथे आज लोक बदकं बघत लाकडी वाटेवर फिरतात, ते पाणी डोंगराकडून आलेल्या एका जुन्या लोंढ्याने अडवलेलं आहे. 1980 चे लोंढे इथवर चढले नाहीत. शास्त्रज्ञांना धोका कुठवर पोचतो हे कळलं ते अशाच थरांवरून.

म्हणूनच स्फोटानंतर सर्वांत मोठी धडपड झाली ती स्पिरिट लेक पुन्हा फुटू नये यासाठी. दरडीने तलावाची जुनी वाट बंद केली होती आणि पाणी चढत होतं. लष्कराच्या अभियंत्यांनी आधी पंप लावले, मग शेजारच्या डोंगरकड्यातून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदला. 1985 पासून तलावाचं पाणी त्यातून जातं. खाली टूटलच्या उत्तर फाट्यावर गाळ अडवणारं धरण 1989 मध्ये झालं. सीक्वेस्टला तंबू लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या दोन कामांची कल्पना असते, पण खालच्या गावांची झोप आजही त्यांच्यावर अवलंबून आहे. बोगद्याची दुरुस्ती अधूनमधून करावीच लागते, कारण भोवतालचा खडक दाब देत राहतो.

504 क्रमांकाचा जुना रस्ता नदीकाठाने जायचा. नवा रस्ता 1990 च्या दशकात मुद्दाम उंचावरून नेला, पूल खोल दऱ्यांवर बांधले. रस्त्याच्या टोकाला, जिथे जॉन्स्टन यांचा मृत्यू झाला त्या कड्यावर, त्यांच्या नावाचं निरीक्षण केंद्र 1997 मध्ये उघडलं. 2004 च्या शरदात डोंगर पुन्हा जागा झाला आणि 2008 पर्यंत विवरात शांतपणे लाव्ह्याचा नवा घुमट वाढत राहिला. यावेळी पाहणारे लोक योग्य अंतरावर होते.

मे 2023 मध्ये वरच्या उतारावरून माती-दगडांची दरड आली आणि स्पिरिट लेककडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक पूल वाहून गेला. जॉन्स्टन रिज, म्हणजे निरीक्षण केंद्राच्या त्या कड्याची वाट तुटली. काही पर्यटक वर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. दुरुस्ती काही महिन्यांत उरकणारी नव्हती. त्यामुळे विवराचं तोंड समोरून पाहण्याची सर्वांत सोपी जागा बंद पडली आणि सिल्व्हर लेकच्या केंद्राकडे पुन्हा गर्दी वळली. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारचं आरक्षण लवकर भरतं, आणि वणव्याच्या दिवसांत शेकोटीवर बंदी येते, तेव्हा गॅसची शेगडी बरोबर असू द्यावी. सरपण घरून नेऊ नये, तिथेच घ्यावं. लाकडातून झाडांचे किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात.