जोडायची फिगर आणि मॉडेल किट: दिसायला भावंडं, पण सख्खी नव्हेत

नवी बिल्डेबल फिगर, म्हणजे सुट्या भागांतून जोडायची खेळण्यातली आकृती, आली की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक, "मांडी मागून पोकळ आहे." दुसरी, "यात जोडायला आहेच काय?" पहिली तक्रार करणारा बहुतेक वेळा मॉडेल किट जोडत मोठा झालेला असतो, दुसरी करणारा लेगोच्या बायोनिकल फिगरांवर वाढलेला. दोघांसमोर खोका एकच असतो, पण दोघं वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. मग वाद रंगतो आणि निष्पन्न काहीच होत नाही.

खोका उघडला की पहिला फरक दिसतो. मॉडेल किटमध्ये सुटे भाग नसतातच. प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांना रनर म्हणायचं. प्रत्येक भाग त्या चौकटीला बारीक दांडीने धरलेला असतो, ती दांडी म्हणजे गेट. निपरने भाग कापायचा, उरलेला खुंट घासायचा, मग जोडायचा. बिल्डेबल फिगरच्या खोक्यात पिशव्या असतात आणि पिशव्यांत सुटे भाग. हत्यार लागत नाही, हात पुरतात.

पण हा झाला वरवरचा फरक. भाग कशासाठी घडवलाय, तिथे खरी मेख आहे. किटमधला डाव्या पोटरीचा पुढचा अर्धा तुकडा हा जन्मभर डाव्या पोटरीचा पुढचा अर्धा तुकडाच राहतो. उजव्या पोटरीलाही तो चालेलच असं नाही. बिल्डेबल फिगरमधलं चार इंची 'हाड' मात्र आज मांडी असतं, उद्या शेपूट, परवा कुठल्याशा ड्रॅगनची मान. किटमध्ये एक वाक्य मिळतं, फक्त शब्द सुटे करून दिलेले असतात. फिगरमध्ये शब्द मिळतात आणि खोक्यावरचं चित्र म्हणजे त्यांतून बनणारं एक वाक्य.

म्हणून किटची परीक्षा कडक असते, पण सरळ असते. जपानच्या बांडाई कंपनीने पहिलं गनप्ला, म्हणजे गंडम रोबोचं किट, १९८० च्या जुलैमध्ये काढलं: १/१४४ प्रमाण, किंमत ३०० येन, जोडायला गोंद हवा आणि खरे रंग हवे असतील तर रंगवणं आलंच. पुढे गोंद गेला, भाग नुसते दाबून बसू लागले, वेगवेगळे रंग प्लास्टिकमध्येच येऊ लागले. मग एकेक श्रेणी आली: १९९० मध्ये हाय ग्रेड, १९९५ मध्ये मास्टर ग्रेड, १९९८ मध्ये परफेक्ट ग्रेड, २०१० मध्ये रिअल ग्रेड. या सगळ्या प्रवासाची दिशा एकच: जोडलेली वस्तू जोडलेली वाटू नये. दोन अर्धुकांमधली फट चिलखताच्या रेषेत लपली का, गेट दिसणार नाही अशा कडेला नेलं का, पिवळा भाग खरोखर पिवळ्या प्लास्टिकचा आहे की स्टिकरवर भागवलंय, हे प्रश्न किटला विचारावेत. "याचं दुसरं काय बनवता येईल" हा प्रश्न तिला विचारणं म्हणजे साडीला खिसे का नाहीत असं विचारण्यासारखं.

फिगरची गोष्ट वेगळ्या घरातली. लेगोने १९९९ मध्ये स्लायझर आणले, २००० मध्ये रोबोरायडर्स, आणि २००१ मध्ये बायोनिकल. हाडं लेगोच्याच टेक्निक पद्धतीची, म्हणजे भोकांच्या पट्ट्या, क्रॉसच्या आकाराचे अ‍ॅक्सल, पिना. बायोनिकलचे नायक म्हणजे टोआ; पहिल्या टोआंच्या पाठीवरचं चाक फिरवलं की आतला गिअर हात हलवायचा. सांधे कमी, पोझ जेमतेम, पण तलवार सपकन खाली येताना बघितली की बाकी सगळं माफ. २००६ च्या टोआ इनिकांमध्ये तो गिअर गेला आणि त्याच्या बदल्यात कोपर वाकायला लागलं. माझ्या मते या प्रकारातल्या खेळण्यांच्या डिझाइनमधला सगळ्यात मोठा सौदा हाच. यंत्र दिलं आणि पुतळा घेतला. सौदा वाईट होता असं नाही, पण किती चाहत्यांच्या तो लक्षात आला?

२०११ मध्ये लेगोच्या हीरो फॅक्टरी मालिकेत दुसरी पद्धत आली. तिचं संक्षिप्त नाव सीसीबीएस. एका टोकाला बॉल, दुसऱ्या टोकाला सॉकेट असलेली साधी हाडं आणि त्यांवर चपकन बसणारी कवचं. मांडी मागून पोकळ दिसते ती इथूनच. कवच पुढून बसतं, मागून हाड उघडं राहतं. किटवाल्याला हा निष्काळजीपणा वाटतो. खरं तर ती किंमत आहे: कवच पुढूनच बसतं म्हणून ते काढून दुसऱ्या हाडावर, दुसऱ्या रंगात, उलटंसुद्धा लावता येतं. या पद्धतीवर माझी तक्रार वेगळीच आहे. कवचं फार गुळगुळीत होती. टेक्निकच्या भागांना भोकं होती, दांडे होते, कोपरे होते, म्हणजे पुढचा भाग अडकवायला जागा होती. नव्या कवचांवर बोट फिरवलं की ते कुठे थांबतच नाही, आणि जिथे बोट थांबत नाही तिथे भागही अडकत नाही. २०१५ मध्ये बायोनिकल परत आलं तेव्हा धडात गिअर परत आणला गेला, म्हणजे हे दुखणं आतल्या लोकांनाही कळलं असावं. २०१६ मध्ये ती मालिका संपली.

सांध्यांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. "सांधे सैल आहेत" हे एकच वाक्य दोन्हीकडे वापरतात, पण दुखणं एक नसतं. बॉल सॉकेटमध्ये घर्षणाने टिकून राहतो. हात जितका लांब आणि शस्त्र जितकं टोकाला, तितका खांद्यावरचा पीळ वाढतो, आणि एका क्षणी घर्षण हरतं. गनप्लाने यावर बराच काळ पॉलिकॅपचा उपाय केला: सांध्याच्या आत मऊ पॉलिथिलीनची टोपी, जी कडक प्लास्टिकला धरून ठेवते. रिअल ग्रेडमध्ये तर काही सांधे रनरवरच आधीपासून हलते करून दिले. कारागिरी थक्क करणारी, पण त्या बारीक सांध्यांबद्दल पुढे सैलपणाच्या तक्रारीही भरपूर झाल्या. तरी किट कपाटात उभं राहण्यासाठी असतं. महिन्यातून एकदा पोझ बदलली तरी खूप झालं.

फिगर मात्र रोज सोडवली-जोडली जाते, म्हणून तिच्या सॉकेटला वाकून परत जागेवर यावं लागतं. बायोनिकलच्या उत्तरार्धात, विशेषतः २००८ च्या सुमारास, लाइम हिरव्या रंगातले सांधे तडकण्यासाठी बदनाम झाले. नुसता बॉल दाबला तरी सॉकेटची कड उकलायची. किटमध्ये असा दोष असता तर जोडताना एकदाच डोकं फिरलं असतं. इथे प्रत्येक नव्या रचनेच्या वेळी धाकधूक. एकच दोष, पण फिगरला तो जिव्हारी लागतो.

सैलपणावरचा आजचा लाडका इलाज म्हणजे दाते असलेला सांधा, जो कट-कट करत टप्प्याटप्प्याने फिरतो. वजन पेलतो यात शंका नाही. पण मधला कोन मिळत नाही. नुकतीच जोडलेली एक फिगर (नाव घेत नाही) समोर ठेवली आहे. तिचा खांदा एक टप्पा खाली नेला की बंदुकीचा नेम स्वतःच्या अंगठ्यावर, एक टप्पा वर नेला की समोरच्याच्या डोक्यावरून पार आकाशात. छातीवर नेम धरायचा तर कमरेतून वाकावं लागेल, आणि कंबर हलतच नाही.

ही फिगर त्या नव्या जातीतली आहे, जी मला सगळ्यात जास्त खटकते. साध्या विटांवरून गुळगुळीत टाइल्स लावून अंग झाकायचं, छातीचं चिन्ह स्टिकरवर छापायचं, आणि कपाटात ठेवल्यावर किटसारखं दिसावं अशी अपेक्षा. किटच्या मापाने पाहिलं तर फटी जागोजागी आहेत आणि स्टिकरची कड दोन भागांच्या सांध्यावर येऊन उचलली गेली आहे. फिगरच्या मापाने पाहिलं तर मांडी सोडवल्यावर हातात उरतात पंधरा-वीस चिल्लर तुकडे. हाड नाही, की उचलून दुसरीकडे लावता येईल असा अवयव नाही. मी तिची मांडी सोडवून शेपूट करायला बसलो होतो. अर्ध्या तासाने जे झालं ते मांडीसारखंच दिसत होतं.